शैलाच्या पायांची कोरी जोडी

मित्रांनो, मी एक जुनी जोडी आहे. नुसत्या बुटांची म्हणाल तर नाही, बांगड्यांची तर मुळीच नाही. खाली बूट, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आणि गुडघ्यापाशी चामड्याचा रुंद पट्टा, असं माझं रूप. ज्या लेकरांचे गुडघे आत वळून एकमेकांवर आपटतात, त्यांचे पाय चिरफाड न करता हळूहळू सरळ करायचे, एवढ्याचसाठी माझा जन्म. आणि नेमकं तेवढंच माझ्या हातून झालं नाही.

१९८६ साली जळगावात, मेहरूणच्या हनीफभाईंनी मला घडवलं. धरणगावची पाच वर्षांची शैला त्यांच्यापुढे कागदावर उभी राहिली आणि त्यांनी तिच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवली. गुडघे जुळले की तिच्या घोट्यांमध्ये वीतभर अंतर राहायचं. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "उठल्यापासून झोपेपर्यंत घालायची, दोन वर्षं. हे पाय आपोआप सरळ होणारे नाहीत, आणि वय हेच आहे." शैलाचे वडील, आधार, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी मान डोलावली. शैलाने मला घालून दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि ती खुदकन हसली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

घरी पोचले आणि आजीने, द्रौपदाबाईंनी, मला हातात घेऊन न्याहाळलं. त्यांच्या घरात नवं लुगडं, नव्या वहाणा, सगळं गावाला जायच्या दिवसासाठी राखून ठेवलेलं. मलाही त्यांनी तोच नियम लावला. शैलाच्या पायांतून काढलं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं.

शैला मागे लागायची, "आजी, बूट घाल ना."

"घरमा कसाले व माय? धूळमा बठ्ठं खराब व्हई जाई. जळगावले जासूत तवय घालसूत."

आई मंदाबाई हे सगळं पाहत होती, पण सासूपुढे बोलायची तिची छाती नव्हती. आधार दिवसभर कामावर, त्यांना वाटायचं पोरगी घालत असेल. तीन महिन्यांतून एकदा जळगावला जायच्या दिवशी तिच्या पायांत चढायचं, एस.टी.त बसायचं, दवाखाना पाहायचा आणि परत पेटीत, असा माझा संसार. डॉक्टर विचारायचे, "रोज ना?" द्रौपदाबाई अभिमानाने सांगायच्या, "रोज तेल लावस ना मी." बाई खोटं बोलत नव्हती, हेच तर मला खातं. रोज दुपारी मला तेल मिळायचं. शेजारणी म्हणायच्या, किती निगुतीने ठेवलीय. जळो मेलं ते कौतुक!

दीड वर्षाने मी शैलाला आखूड पडू लागले, तेव्हा सगळे मला घेऊन हनीफभाईंकडे गेले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं, तळव्यावर अंगठा फिरवला.

"आधारभाऊ, चामड्याला एक घडी नाही. टाच झिजलेली नाही. पोरीने ही घातली कधी?"

"कशी जपीसन ठेयेल शे, नवीनी नवी," द्रौपदाबाई म्हणाल्या.

आधारनी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. मंदाबाईने पदर तोंडाला लावला. हनीफभाईंनी मला बाजूला ठेवलं आणि मोठ्या मापाचा कागद पसरला. मी परत पेटीत गेले. ती दुसरी जोडी शैलाने रोज घातली, अगदी जेवतानाही. पण वर्षभराने डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला. आता पट्ट्याने भागणार नाही. मोठी झाली की ऑपरेशनचं बघू."

आज शैला नववीत आहे. चालताना गुडघ्याला गुडघा घासतो, दोन्हींवर आतून काळे घट्टे पडलेत. कवायतीच्या तासाला सर तिला सावलीत बसवतात. मी मात्र अजून चकाकते, आणि मला त्याची लाज वाटते.

परवा तिने मला पेटीतून काढलं आणि आजीच्या पुढ्यात ठेवलं. शाळेतल्या शुद्ध भाषेत सावकाश म्हणाली, "आजी, तू हिला जपलंस. माझे पाय जपायचे होते."

द्रौपदाबाई रडल्या. खूप रडल्या. पण आता रडून काय उपयोग?

मित्रांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी आली तर तिला पुसत बसू नका. घाला, धुळीत न्या, चिखलात न्या, झिजवा. चामडं फाटलं तर हनीफभाई दुसरं लावून देतील. शैलाचं पाचवं वर्ष मात्र त्यांच्याही दुकानात मिळत नाही.