वसुलीवाला माझ्यावर आडवा झाला तेव्हा

मी एक जुनी खुर्ची आहे, नुसती बसायची नव्हे, दाढी करून घ्यायची. मित्रांनो, तुम्हाला अजून दाढी आलेली नाही, त्यामुळे यातला फरक आज कळला नाही तरी चालेल. माझा पाय ओतीव लोखंडाचा आहे. बाजूचा दांडा दाबला की मी वर जाते आणि पाठीचा खटका सोडला की गिऱ्हाइकाला घेऊन आडवी होते.

कारखान्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला शंभरदा वरखाली करून पाहिलं आणि "ही मालकापेक्षा जास्त टिकेल" असं म्हणून पास केलं. त्याचं म्हणणं खरं ठरलं, याचं मला अजून वाईट वाटतं. मला हप्त्यांनी विकत घेणारे माझे मालक चार वर्षांपूर्वी गेले. शेवटचा हप्ता फेडला त्या दिवशी त्यांनी आपल्या लहानग्या मुलीला माझ्यावर बसवून गरगर फिरवलं होतं. आता तीच त्यांचं केस-दाढीचं दुकान चालवते. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात. तिने दोन गुबगुबीत नव्या खुर्च्या आणल्या आणि मला कोपऱ्यात सरकवून माझ्यावर ओले टॉवेल टाकायला सुरुवात केली. मी फार हिरमुसले. पण त्या दोघींना आडवं होता येत नाही, म्हणून दाढीपुरती माझी पुन्हा वर्णी लागली.

एका दुपारी बगलेत फाइल मारून एक वसुलीवाला आला. तेव्हा माझ्यावर तारीखकाका आडवे होते. ते कोर्टातले निवृत्त कारकून, आणि कुठलीही गोष्ट तारखेनिशी सांगतात म्हणून त्यांचं हे नाव पडलेलं. अर्धा चेहरा फेसात होता, म्हणून गप्प होते इतकंच.

वसुलीवाला सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलला. "तुमच्या वडिलांनी या खुर्चीचे अकरा हप्ते बुडवलेत. एकतीस वर्षांच्या व्याजासकट द्यावे लागतील. नाहीतर खुर्ची उचलून नेऊ."

ताईचा चेहरा उतरला. "बाबांनी कुणाचं काही बुडवलेलं नाही," ती म्हणाली. पण पावती तिच्याकडे नव्हती. मला सगळं ठाऊक होतं, पण खुर्चीची साक्ष कोण काढतो?

मग त्याने आवाज मऊ केला. "सगळं आजच कुठे मागतोय? थोडेसे द्या आणि इथे सही करा. गेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा कशाला?"

हे मात्र तिला लागलं. तिने वस्तरा बाजूला ठेवला, आरशाखालचा पैशांचा खण उघडला आणि पेन हातात घेतलं.

एवढ्यात चादरीखालून तारीखकाकांचा हात बाहेर आला आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. तोंडात फेस गेला तरी ते बोलले.

"सही करू नकोस, पोरी. पैसाही देऊ नकोस. दिलास की कर्ज कबूल केल्यासारखं होईल. मागणारे हे, तर सिद्धही यांनीच करायचं."

ताईने खण बंद केला. "बाबांची सही असलेला करार आणा. कुठले हप्ते राहिले ते लेखी आणा. वसुलीचा हक्क तुम्हाला कुणी दिला, त्याचाही कागद आणा. तोवर माझ्या दुकानात आवाज चढवायचा नाही."

हेच तिने त्याच्या कंपनीला पत्रानेही कळवलं आणि नक्कल जपून ठेवली.

महिन्याभराने तो आला, तो कंपनीच्या पत्राचा लखोटा घेऊन. "तुमचं प्रकरण बंद केलंय," तो पुटपुटला. "कंपनीने थकबाकीदारांची जुनी यादी विकत घेतली होती हो. नावं आणि आकडे, बाकी कागद एकही नाही. तरी निम्मे लोक घाबरून देतात."

"आणि उरलेले?" ताईने विचारलं.

"उरलेले कागद मागतात."

मग ओशाळून त्याने हनुवटीवरून हात फिरवला. "दाढी कराल का?"

"बसा," ताई म्हणाली. मी त्याला घेऊन ऐटीत आडवी झाले. तिने कुठे ओरखडा न काढता दाढी केली, पुरता दर घेतला आणि तारीख घालून सहीची पावती दिली. "सांभाळून ठेवा. एकतीस वर्षांनी मीच मागायला आले तर?" सगळं दुकान हसलं, आणि शेवटी तोही हसला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या सांध्यांना अधूनमधून तेल घालत जा. आणि आपल्या गेलेल्या माणसाकडे कुणी बोट दाखवलं, तर लाजून खाली बघू नका, शांतपणे पुरावा मागा. आमच्या ताईने मागितला. मी ओतीव लोखंडाची आहे, पण त्या दुपारी माझ्याहून ताठ तीच उभी होती.