पहिल्या रांगेतला नववा तंबू

आमच्या किनाऱ्यावर कुणी ओरडत नाही. तशी पाटी कुठे लावलेली नाही. पाट्या लागतात त्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यांना, जिथे रेडिओ वाजतात आणि गोड पाव विकणारा गळा फाडतो. तोच पाववाला आमच्याकडे आला की रांगेच्या टोकाला उभा राहून खोकतो. एकदा खोकला तर साधे पाव, दोनदा खोकला तर क्रीमचे. लोकांना बरोबर कळतं.

मी बेल्मिरो, इथला तंबूवाला. आधी बाप होता, आता मी. जूनच्या शेवटी खांब रोवायचे, पांढरी कापडं ताणायची, सप्टेंबरात उतरवायची. मधल्या दिवसांत कुणी बुडायला लागलं तर त्याला काढणंही माझ्याच गळ्यात. चौतीस उन्हाळ्यांत सात जणांना बाहेर काढलं, त्यातले सहा जिवंत निघाले.

तंबूंच्या रांगा तीन. पहिली समुद्रासमोर, तिच्यात पोर्तोची जुनी घराणी. आजोबांचा तंबू नातवाला मिळतो, इतका सरळ कारभार. दुसरीत त्यांचे डॉक्टर, वकील आणि दूरचे भाऊबंद. तिसऱ्या रांगेतून समुद्र दिसत नाही, दुसऱ्या रांगेची पाठ दिसते. तिथे उरलेले. मी सांगतोय तेव्हा देशातल्या क्रांतीला दहा वर्षं होत आली होती. मंत्री बदलले, रस्त्यांची नावं बदलली, पहिली रांग जागची हलली नाही. पहिल्या तंबूत दोना, म्हणजे बाईसाहेब, लिओकादिया बसायच्या. वय ब्याऐंशी, नजर गिधाडाची. त्यांनी एक बोट वर केलं की मी जायचं. हाक नाही, खूण नाही, फक्त बोट.

त्या वर्षी पहिल्या रांगेतला नववा तंबू रिकामा पडला. तिथले म्हातारे नोटरी वारले, मागे कुणी नव्हतं. खांब मी रोवले, पण कापड गुंडाळूनच ठेवलं. तो कुणाला द्यायचा ते दोना ठरवणार होत्या, आणि त्यांना कधीच घाई नसते.

तिसऱ्या रांगेत तेव्हा एर्मेलिंदा आली. आत डोंगराकडच्या गावची, जोड्यांच्या कारखान्याची मालकीण. तिची आई घरी बसून जोड्यांचे तळ शिवायची, हिनं तीस मशीनी घातल्या. तीस मशीनींच्या खडखडाटावर बोलायची सवय असलेला गळा! पहिल्याच दिवशी तिनं मुलीला हाक मारली, "सिडालियाऽऽ! टोपी घाल!" तिन्ही रांगांतली वर्तमानपत्रं एकदम खाली आली.

बोट वर झालं. मी गेलो.

"बेल्मिरो, तिकडे काही अपघात झालाय का रे?" दोना लिओकादियांनी विचारलं.

"नाही दोना. मुलीला टोपी घालायची होती."

"मग? घातली का?"

"घातली, दोना."

"देवाची कृपा. आता त्यांना सांग."

मी जाऊन सांगितलं. "दोना एर्मेलिंदा, इथे हाका मारत नाहीत. काही लागलं तर माझ्याकडे चालत यायचं आणि हळू सांगायचं. मी कुणाशी बोलत असलो तर बोलणं संपेपर्यंत थांबायचं. बस, एवढंच."

बिचारी कानापर्यंत लाल झाली. तिला बरं वाटावं म्हणून मी पुढे म्हणालो, "पहिल्या रांगेतला नववा तंबू रिकामा आहे, बघितलात ना?"

हे वाक्य मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. ते माझ्या पदरचं.

एर्मेलिंदानं ते वाक्य उचललं आणि गाठीला बांधलं. आठ दिवसांत तिचा आवाज निम्मा झाला, पंधरा दिवसांत जवळ गेल्याशिवाय ऐकू येईना. तिचा नवरा अदेरितो मात्र होता तसाच राहिला. आडवा गडी, पोट पुढे, हसला की तंबूचं कापड हलायचं. रोज सकाळी तास-तास पोहायचा.

"कारखान्यात हिनं हाक मारली तर मशीनी थांबतात, सेन्योर बेल्मिरो," तो मला म्हणाला, "आणि इथे बघा, घसा बसलेल्या मांजरासारखी बोलते."

"हळू," एर्मेलिंदा म्हणाली.

"अगं, समोर तो समुद्र केवढा ओरडतोय! त्याला सांगा की कुणीतरी."

"त्याला पहिली रांग नकोय," ती म्हणाली.

तो पोट धरून हसला. तीही हसली, पण दात न दाखवता. तेवढं तिनं तिथे बसून शिकून घेतलं होतं.

एकदा खुर्ची मागायला आली तेव्हा तिनं मला खरं काय ते सांगितलं. "सिडालिया पोर्तोला शाळेत आहे, ह्याच लोकांच्या मुलींबरोबर. अख्ख्या वर्षात एकीनं तिला घरी बोलावलं नाही हो. वाढदिवस झाले, सगळं झालं. इथे शेजारी तंबू असला, मुली एकाच वाळूत बसल्या, तर बोलतील ना तिच्याशी?"

"बोलतील की," मी म्हटलं. बोलायला माझं काय जात होतं?

दुसऱ्या उन्हाळ्यातही नववा तंबू गुंडाळलेलाच होता. ऑगस्टच्या सुरुवातीला दोना लिओकादियांनी मला विचारलं, "ती जोडेवाली रे. नाव काय तिचं?" पहिल्या रांगेनं नाव विचारलं की निम्मं काम झालं समजावं. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगली शिकली. नवरा जरा तसाच आहे, पण तो काय, दिवसभर पाण्यातच असतो. पंधरा तारखेचा मारियेचा सण होऊ दे, मग बघू."

मी ते लगेच एर्मेलिंदाच्या कानात घातलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लगेच सोडला, कुणी बघेल म्हणून.

सणाच्या दोन दिवस आधी सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला होता. मी पिवळं निशाण लावलं. पिवळं म्हणजे पाण्यात जा, पण लांब जाऊ नका. अकराच्या सुमारास दोना लिओकादियांच्या तंबूच्या दोऱ्या ढिल्या झाल्या, म्हणून मी त्यांच्या मागच्या बाजूला वाकून गाठी आवळत होतो, पाठ समुद्राकडे. दोना मला त्यांच्या भाच्याच्या साखरपुड्याची हकीकत सांगत होत्या.

तेवढ्यात एर्मेलिंदा आली. चालत आली. पाठ ताठ, सपाता हातात, केस नीट. दोन पावलांवर थांबली आणि हात पुढे गुंफून उभी राहिली. मी मान हलवली, तिनंही हलवली. दोनांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं ते थांबणं त्यांना फार आवडलं असावं, कारण साखरपुड्याची गोष्ट जरा लांबली. मुलीकडच्यांनी वाढलेल्या माशाच्या वड्या कशा तेलकट होत्या, हेही त्यात आलं.

मग दोना म्हणाल्या, "हं, बोला."

"माफ करा, दोना. सेन्योर बेल्मिरो, तुम्हाला सवड झाली की..." ज्या आवाजात ती खुर्ची मागायची तोच आवाज. "माझे यजमान जरा लांब गेलेत असं वाटतं."

"किती लांब?"

"आता दिसत नाहीत."

मी पळालो. आमच्या किनाऱ्यावर पळतही नाहीत. होडी ढकलली, वल्ही मारली. लाटांची पहिली ओळ ओलांडून मागे वळून पाहिलं तर एर्मेलिंदा पाण्याच्या कडेला उभी, शेजारी सिडालिया. पोरीनं तोंड उघडलं होतं आणि आईनं त्यावर तळवा ठेवला होता. वारा माझ्याकडून किनाऱ्याकडे होता, मला तसंही काही ऐकू आलं नसतं. पण तो तळवा दिसला.

अदेरितो मला खडकाच्या अलीकडे सापडला. त्याला होडीत घेताना माझा खांदा लचकला. वाळूवर आणून मी अर्धा तास त्याची छाती दाबत होतो. डॉक्टर आला, त्यानं घड्याळ पाहिलं आणि माझा हात बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी किनारा रिकामा होता तेव्हा मी पावलं मोजली. ती उभी होती त्या जागेपासून पहिल्या तंबूपर्यंत एकशे नव्वद, चालत. दोनांच्या गोष्टीतली ती आल्यानंतरची वाक्यं आठवून आठवून मोजली. सात. तंबूपासून होडी साठ पावलांवर. मग पहिल्या तंबूजवळ आमच्या कुत्र्याला बसवलं, ती जिथून निघाली तिथे जाऊन उभा राहिलो आणि साधीच हाक मारली, फार जोर न लावता. कुत्रं उठून आलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही.

पहिली रांग सगळीच्या सगळी सांत्वनाला गेली. काळे कपडे, हलके आवाज. परत येताना त्यातल्या बायका माझ्यासमोरच बोलत होत्या: "एक किंकाळी नाही." "अश्रूसुद्धा रुमालातच." दोना लिओकादिया म्हणाल्या, "असा संयम मी माझ्या आईनंतर आज पाहिला. ती आपल्यातलीच आहे." पुढच्या मे महिन्यात त्यांची चिठ्ठी आली, दोन ओळींची: नवव्याचं कापड उघड, जोडेवालीसाठी. नाव ह्या वेळी त्यांनी विचारलं नाही, म्हणजे विसरल्या होत्या.

ती येणार नाही असं मला वाटलं होतं. हंगामाच्या पहिल्याच दिवशी आली. काळ्या कपड्यात, काळी टोपी, हातात पुस्तक. मी खुर्ची मांडली तशी तिनं ती जरा तिरकी करून घेतली, समुद्र सरळ समोर येणार नाही अशी. शेजारच्या तंबूंतल्या मुली आता सिडालियाला बोलवतात. ती जाते, त्यांच्यात वाळूत बसते, विचारलं तर मान हलवते. वर्षभर शाळेतही तसंच, असं ऐकलं. बोलत नाही.

जुलै संपत आला तेव्हा तिसऱ्या रांगेत फ्रान्सहून परतलेलं एक कुटुंब उतरलं. बाई तरुण, अंगानं भरलेली, नवरा पाण्यात. दुपारी ती एकदम उठून उभी राहिली आणि ओरडली, "ओ झेऽऽ! पुरे झालं! लांब जाऊ नकोस, मेल्या!"

वर्तमानपत्रं खाली आली. मी सवयीनं पहिल्या तंबूकडे बघितलं. तिथे बोट नव्हतं. बोट नवव्या तंबूतून वर झालं होतं.

मी गेलो.

"बेल्मिरो," एर्मेलिंदा म्हणाली. सेन्योर गेलं होतं, तुम्ही गेलं होतं. "जा, त्यांना सांग."

मी जरा घुटमळलो. "दोना एर्मेलिंदा, तिचा नवरा पाण्यात आहे."

"दिसतंय मला." पुस्तकात बोट घालून तिनं ते मिटलं. "त्या दिवशी इथे ओरडता येत नव्हतं, तर आजही येत नाही. का, येत होतं?"

असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. गेल्या ऑगस्टनंतर पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. मुलींच्या घोळक्यातून सिडालियाही वर बघत होती. मला ती एकशे नव्वद पावलं आठवली, कुत्रं आठवलं. पहिल्या तंबूत दोना लिओकादिया वर्तमानपत्र अर्धवट खाली धरून थांबल्या होत्या, उत्तर त्यांनाही हवं असल्यासारख्या.

"नव्हतं येत," मी म्हणालो.

"मग जा."

मी दोन रांगा ओलांडून गेलो. वाटेत एकदा समुद्राकडे पाहिलं. तो झे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून केसांतली वाळू धूत होता. त्या बाईजवळ जाऊन मी टोपी काढली आणि माझं नेहमीचं सांगितलं. इथे हाका मारत नाहीत. काही लागलं तर चालत यायचं आणि हळू सांगायचं. मी कुणाशी बोलत असलो तर थांबायचं.

ती कानापर्यंत लाल झाली. तिला बरं वाटावं असं काहीतरी पुढे बोलायला माझं तोंड उघडलं होतं, पण नववा तंबू आता रिकामा नव्हता.