गाय देणारीचं नाव

इलुमिनाता दारात आली तेव्हा तिच्या डोक्यावर हिरव्यागार गवताचा भारा होता. तो कुठल्या बांधावरचा, हे कांकिंदीला विचारावं लागलं नाही. आपल्या गोठ्यात येणाऱ्या कालवडीसाठी इलुमिनातानं तो बांध वर्षभर राखला होता.

"घाल गं तुझ्या गायीला," ती भारा उतरवत म्हणाली. "लेकरू गेलंय बिचारीचं. मला आता कशाला लागतोय?"

कांकिंदीला तिच्याकडे बघवेना. लेकरू गेलंच नव्हतं. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर, भावाच्या गोठ्यात, ते दुसऱ्या गायीला लुचत होतं.

कांकिंदीच्या टेकडीवरचा रिवाज असा की, ज्या गरीब घराला गाय मिळाली त्यानं तिची पहिली कालवड पुढच्या गरीब घराला द्यायची. आणि ज्यानं गाय दिली, त्याच्या नावाची शपथ जन्मभर वाहायची. म्हाताऱ्या बाझुबागिरा आजीनं कांकिंदीला गाय दिली ती याच रिवाजानं. त्याआधी कांकिंदी आणि इलुमिनाता दोघी परक्याची ज्वारी खुरपत, दुपारी एकच भाजलेलं रताळं मोडून खात. गाय आली आणि कांकिंदीचं घर सावरलं. दूध विकलं जाऊ लागलं, शेणखतानं घेवडा फोफावला, छपरावर पत्रे चढले, थोरली लेक शिवण शिकायला लागली.

मग इलुमिनाताच्या वाट्याची कालवड झाली, आणि सुखाबरोबर भीतीही घरात शिरली. ही एकच गाय, उद्या बसली तर? पुन्हा परक्याच्या रानात खुरपं? तिनं कालवड गुपचूप भावाकडे पोचवली, केळीच्या बागेत रिकामा खड्डा बुजवला आणि सांगितलं, "मेलेलंच आलं हो."

"खरं सांगतेस ना?" बाझुबागिरानं विचारलं होतं.

"तुमची शपथ आजी, तुम्ही मला गाय दिलीत."

इलुमिनाता दुसऱ्या दिवशीही भारा घेऊन आली, तिसऱ्याही.

"नको गं रोज आणूस," कांकिंदी कसंबसं म्हणाली.

"का? पत्र्याखाली राहते म्हणून तुझ्या गायीला माझं गवत चालत नाही होय?" इलुमिनाता हसली. "पुढच्या वेताला देशील की. मी कुठं पळून चाललेय? तोवर माझ्या गोठ्यात कोंबड्यांचं राज्य!"

त्या संध्याकाळी जपमाळ घेऊन बसलेली कांकिंदी 'आमचे अपराध क्षमा कर' इथं आली आणि अडली. पुढचा मणी बोटांतून सरकेना.

रविवारी प्रार्थनेहून बाया परतत होत्या, तेव्हा कांकिंदी कालवड घेऊन इलुमिनाताच्या अंगणात उभी राहिली. मन अजून पुरतं धुतलं गेलं नव्हतं. तिनं सांगितलं, "भावाची आहे. तुझा रिकामा गोठा बघवेना, म्हणून मागून आणली."

"बघा गं, याला म्हणतात माणूस!" बाझुबागिरानं काठी आपटली.

इलुमिनातानं कांकिंदीला घट्ट मिठी मारली. "आजपासून माझी शपथ तुझ्या नावाची. 'कांकिंदीनं मला गाय दिली' असं म्हटलं, की समजायचं, इलुमिनाता खरं बोलतेय."

"माझं नाव घेऊ नकोस."

"अगं, लाजतेस काय?"

"घेऊ नकोस म्हणते ना!" कांकिंदीचा आवाज चिरकला. "ही माझ्याच गायीची आहे. तुझीच. मेली नव्हती."

कुणीतरी हळूच विचारलं, "आणि तो खड्डा?"

"रिकामा."

बाझुबागिरानं मान फिरवली. इलुमिनाता मिठी सोडून मागे सरली.

"मी रोज गवत आणत होते."

"हो."

"आणि तू घेत होतीस."

"हो."

इलुमिनातानं तिच्या हातातलं दावं घेतलं आणि कालवड गोठ्यात नेली. शिवी दिली नाही. दिली असती तर कांकिंदीला बरं वाटलं असतं.

पुढं बऱ्याच दिवसांनी पाण्याच्या नळावर रांगेवरून भांडण जुंपलं. "मध्येच घुसलीस तू!" एकजण इलुमिनातावर ओरडली.

"मी? बाझुबागिराची शपथ, जिची गाय फिरत फिरत माझ्या घरी आली! मी पहाटेपासून उभी आहे."

एक नाव तिनं अलगद ओलांडलं होतं. रांगेतल्या सगळ्यांना ते कळलं. कांकिंदीचा पिवळा कॅन भरून पाणी पायांवर वाहत होतं, तरी ती खाली वाकून तो भरतच राहिली.