गंगीचा तान्हा पोळा

गिरिधर मिस्त्रीने पटाशी खाली ठेवली, हातातला लाकडी प्राणी उजेडाकडे धरला आणि तो आपल्याच हातावर मनोमन रागावला. नाक चपटे साधले होते, कान पुढे झुकले होते, शेपटीला वेटोळेही पडले होते. परंतु मानेच्या मागे, जिथे काहीही असावयास नको होते, तिथे एक गोल उंचवटा राहून गेला होता. आयुष्यभर तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडविणाऱ्या हाताने डुकरालाही वशिंड दिले होते.

"हात ऐकत नाही गा," तो सुमंतला म्हणाला. "थांब, जरासा रंधा मारतो. निघून जाईन."

सुमंतने दुकानाबाहेर पाहिले. जरीपटका भागातल्या बाजारात, समोरच्या दुकानापाशी त्याची आई पुष्पलताबाई आणि आठ वर्षांची मुलगी वेदिका घुंगरांच्या माळा कानाशी हलवून पारखीत होत्या. त्याने आवाज लहान केला.

"राहू द्या वशिंड. आन् डोक्यावर शिंगंही बसवून द्या."

"डुकराले शिंगं?"

"झूल टाकली का दुरून बैल दिसला पाहिजे. पक्की चिकटवा. पोरीले मी समजावतो."

मिस्त्रीने लाकडावरचा भुसा फुंकून उडविला. डुक्करच पाहिजे म्हणून ती पोरगी आपल्या आजीला घेऊन दोनदा येऊन गेली होती, असे तो म्हणाला. मग त्याने खांदे उडविले.

"तुह्या घरचं काम. मले काय."

परतीच्या वाटेवर वेदिका घुंगरांची माळ गळ्यात घालून बसली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीतील सगळी मुले आपापले लाकडी बैल सजवून आणणार होती आणि तीही आणणार होती; मात्र बैल नव्हे. आपल्या घरी बैल कधी होता का, हा तिचा प्रश्न होता. ज्याच्या कष्टावर घर चालते त्याचा पोळा, हे तिला शाळेत बाईंनी शिकविले होते. सुमंतने तिला समजाविण्याचा प्रयत्न महिनाभर केला होता आणि प्रत्येक वेळी तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला होता.

वस्तुतः उत्तर त्याच्यापाशी होते, पण ते मुलीला सांगण्यासारखे नव्हते. तो लहान असताना वडील गेले. पुष्पलताबाईंनी एका सरकारी शिबिरात नाव घातले आणि पांढऱ्या डुकरांची एक जोडी घरी आणली. त्या दिवसापासून गावातील नातलगांनी त्यांच्या घरचे पाणी पिणे सोडले. सुमंत शाळेतून येत असे तेव्हा वाटेवरच्या खिडक्या एकामागून एक बंद होत. त्या खिडक्यांचा आवाज त्याच्या कानांतून अद्याप गेला नव्हता. म्हणून मनीषनगरात नव्या घरात राहावयास आल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, तेव्हा त्याने उमरेड रोडला शेती आहे एवढेच सांगितले. लग्नाच्या लॉनमधून आणि खानावळींतून उरलेले अन्न डुकरांसाठी वाहणारा त्याचा टेम्पो तो चौकापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर उभा करी, तिथेच कपडे बदली, आणि अत्तराचा बोळा कानात घालून पायी घरी येई. पत्नी कामिनीला अत्तराचा तो वास मुळीच आवडत नसे. डुकरांचा परवडला, असे ती म्हणे.

उमरेड रोडवरच्या डुकरांच्या गोठ्यात मात्र तो निराळा मनुष्य होता. तिथे गंगी नावाची डुकरीण होती. पिल्ले मोठी होऊन दूरदूरच्या गावी विकली जात. त्यावरच प्रपंच चालला होता आणि त्याविषयी पुष्पलताबाईंनी कधी आडपडदा ठेवला नव्हता. गंगी मात्र विकावयाची नाही, हा त्या घरचा कायदा होता. ती त्या पहिल्या जोडीच्या वंशातली होती. लोक डुकराला घाणेरडे म्हणतात. गंगी आपल्या निजण्याच्या कोपऱ्यात कधी घाण होऊ देत नसे, आणि कोणा पिल्लाने केलीच तर त्याला नाकाने ढकलीत दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन सोडी. विण्याची वेळ आली की तोंडाने भाताची तणीस ओढून आणी, पायांनी ती सारखी करी आणि अशी शेज रचे की एखाद्या माहेरवाशिणीसाठीही कोणी इतक्या निगुतीने अंथरूण घालीत नसेल. जन्मल्यावर दोन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपापले स्तन ठरवून घेई आणि पुढे दुसऱ्याच्या जागी तोंड घालीत नसे. वेदिकेच्या चपलांचा आवाज गंगीला दुरून कळे. मग ती कुंपणाशी येऊन अशा लाडिक स्वरात घुरघुरे की, सुमंतला आपण बाप असूनही मागे पडल्यासारखे वाटे.

"मनुष्याच्या घरी जे उरते ते तिच्या पोटात सोनं होते," पुष्पलताबाई म्हणत. "अशी लक्ष्मी पाहिली काय कोनं?"

तान्ह्या पोळ्याची दुपार स्वच्छ निघाली. सोसायटीच्या अंगणात आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते. त्याखाली मुले रांगेने आपले बैल घेऊन उभी होती. कोणी धोतर नेसलेले, कोणी मिशा रंगविलेले, कोणी डोक्यापेक्षा मोठा फेटा सावरीत. सोसायटीचे अध्यक्ष मनोहरराव हातात ध्वनिवर्धक घेऊन प्रत्येक बैलाची वाखाणणी करीत होते. वेदिका नऊवारी नेसून रांगेच्या शेवटी उभी होती. तिच्या चाकांवरच्या जनावराच्या पाठीवर लाल झूल होती, गळ्यात घुंगरे होती, डोक्यावर पितळी रंगाची दोन शिंगे होती. नाकावर कामिनीने फुलांची माळ अशी सोडली होती की नाक दिसू नये.

सकाळी शिंगे पाहिल्यावर वेदिका रडली नव्हती. तिने फक्त आजीकडे पाहिले होते, आणि आजीने तोरणासाठी आणलेल्या पानांचे देठ मोडावयास घेतले होते. हे इतके सहज कसे निभावले, याचेच सुमंतला राहून राहून आश्चर्य वाटत होते.

"अरे वा, हा बैल तर चांगला खाऊन-पिऊन आहे," मनोहरराव वेदिकेपाशी येऊन म्हणाले, आणि लोक हसले.

सुमंतही हसला. त्याच्या छातीवरचे ओझे उतरले. आता तोरण तुटेल, मुले घरोघर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मागावयास जातील, संध्याकाळ होईल आणि हा दिवस संपेल.

परंतु तोरणाखाली झडत्या, म्हणजे खड्या आवाजातल्या यमकी ओळी, म्हटल्यावाचून पोळा फुटत नाही. मनोहररावांनी झडती कोण म्हणणार असे विचारले. दोन मुलांनी पाठ केलेल्या झडत्या म्हटल्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी "हर बोला" येताच सगळ्या अंगणाने "हर हर महादेव" असा दणदणीत प्रतिसाद दिला. मग वेदिकेने हात वर केला.

ती पुढे आली, खाली वाकली आणि तिने जनावराच्या डोक्यावरचे एक शिंग उपटले. मग दुसरे. पक्की चिकटविलेली म्हणून मिस्त्रीने दिलेली शिंगे पिकल्या फळासारखी हातात आली. ती तिने वडिलांच्या हातात नेऊन दिली. उरलेल्या दोन भोकांत तिने झेंडूचे एकेक फूल खोचले आणि नाकावरची माळ बाजूला सारली.

सुमंतने आईकडे पाहिले. पुष्पलताबाई अत्यंत एकाग्रतेने तोरणाकडे पाहत होत्या.

वेदिकेने नऊवारीचा पदर खोचला आणि खणखणीत आवाजात झडती म्हटली.

"खरकट्याची बादली, गंगी करते गोड,
नाही वावर, नाही बंडी, नाही बैलजोड;
बैलानं ओढला नांगर, गंगीनं ओढलं घर,
पोळ्याच्या तोरणाखाली तिलेही जागा कर;
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

अंगण गप्प राहिले.

झडतीला प्रतिसाद न देणे म्हणजे म्हणणाऱ्याचा अपमान, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. लोकांच्या नजरा त्या चपट्या नाकावर खिळल्या होत्या. मनोहररावांचा ध्वनिवर्धक हनुवटीशी थांबला होता. वेदिका हात वर करूनच उभी होती. तिने तो खाली घेतला नाही. सुमंतच्या मुठीत शिंगांची टोके रुतत होती. कुठेतरी खिडकी लागल्याचा आवाज आता येणार, म्हणून त्याची मान आपोआप आखडली.

"हर हर महादेव," कोणीतरी म्हणाले.

तो आवाज खुर्चीवर बसलेल्या जिजाबाईंचा होता. मनोहररावांच्या त्या आई. कांदा-लसूणही न खाणाऱ्या, सोसायटीत ज्यांच्या शब्दाबाहेर स्वतः अध्यक्षही जात नसत. त्या दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून सावकाश उठल्या.

"काय झालं गा सगळ्याइले? तोंडात पान हाय काय? पोरगी हर बोला म्हनून राहिली."

मग मात्र अंगण असे गरजले की तोरणावरचे पाखरू उडाले. कोणी मनापासून म्हटले, कोणी जिजाबाईंकडे पाहून म्हटले. पण म्हटले सर्वांनी. वेदिकेने हात खाली घेतला.

जिजाबाईंनी सुनेला आरतीचे ताट आणावयास सांगितले. त्या वेदिकेपुढे आल्या, आणि बोटावर कुंकू घेऊन थबकल्या. त्यांचा दुसरा हात झुलीखालच्या उंचवट्यावर गेला.

"हे काय वं? याले वशिंड?"

"ते मिस्त्रीकाकाच्या हाताची सवय आहे," वेदिका म्हणाली.

जिजाबाई इतक्या हसल्या की त्यांना सुनेच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसून त्यांनी त्या लाकडी कपाळाला कुंकू लावले, तांदूळ टेकविले आणि ओवाळले. मग मागे उभ्या असलेल्या बायकांकडे वळून त्या सांगू लागल्या की, लग्न होऊन आल्यावर सासूने त्यांना रामटेकला नेले होते. गडावर दगडी वराह आहे, त्याच्या पोटाखालून सरपटत जो निघतो तो पुण्यवान, असे मानतात. त्या एका दमात निघाल्या. सासूबाई अर्ध्यात अडकल्या, आणि त्यांना बाहेर ओढता ओढता सासऱ्यांचा सदरा फाटला.

"देव म्हनून त्याच्या पोटाखालून गेली मी," त्या म्हणाल्या. "आता जातभाई दारात आला, तर त्याले ओवाळू नको काय?" आणि आपल्या स्थूल देहाकडे पाहून पुढे म्हणाल्या, "आता गेली तं मीही अडकीन. मले ओढाले दोन बैल लागतीन."

या वेळी हसणाऱ्यांत मनोहररावही होते. आईने बोट दाखविताच त्यांनी तोरण तोडले आणि पोळा फुटला. बैलांची रांग घुंगरे वाजवीत घरोघर निघाली आणि कसे कोण जाणे, वेदिका शेवटची होती ती सर्वांच्या पुढे झाली. दारोदारी लोक त्या जनावराचे नाव विचारीत होते. एका मुलाला आपला बैल तिच्या डुकराशी बदलून हवा होता. ती मान हलवून नाही म्हणाली.

जिजाबाईंच्या दारात पुरणपोळीचे ताट पुढे आले, तेव्हा त्यांनी विचारले,

"बैलाले पुरणपोळी चालते. तुह्या गंगीले काय चालते वं?"

"सगळंच चालते," वेदिका म्हणाली. "गंगी नावं नाही ठेवत."

दाराबाहेर उभ्या असलेल्या सुमंतने हे ऐकले. जिजाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. शेतीविषयी त्यांनी काहीही विचारले नाही. घरात येऊन पाणी पिऊन जा, एवढेच म्हणाल्या. मग त्याच्या आईकडे वळून, तुम्हीही या, असे म्हणाल्या. पुष्पलताबाईंनी तिथे चहा घेतला, आणि पाणी तर त्या दोनदा मागून प्याल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंत नेहमीप्रमाणे अत्तराचा बोळा कानात घालून खाली उतरला. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी एक पितळी बादली ठेवलेली होती. वर झाकण म्हणून ताटली. त्याने ती उचलून पाहिली. आत कालच्या उरलेल्या पुरणपोळ्या होत्या, वडे होते, भाताची मूद होती. एकात एक कालवून टाकलेले नव्हते, पानात वाढावे तसे निरनिराळे ठेवले होते. बादलीच्या काठावर कुंकवाचे एक बोट उमटले होते. शेजारी आणखी तीन डबे होते. ते कोणाकोणाचे, हे चौकीदाराने सांगितले.

सुमंतने कानातला बोळा काढला, तो चौकापलीकडच्या प्लॉटवर चालत गेला आणि टेम्पो घेऊन परत आला. चौकीदाराने न विचारता फाटकाची दोन्ही दारे उघडली. आंबूस, ओळखीचा वास पोर्चमध्ये पसरला. सवयीने सुमंतची नजर वर गेली.

पहिल्या मजल्यावरची एक खिडकी हलली आणि उघडली. जिजाबाईंनी डोके बाहेर काढले.

"सुमंत, गंगीनं पहिले काय खाल्लं ते ध्यान देऊन पाहाजो गा. सांजच्याले सांगजो मले."

"हो, आजी," तो म्हणाला.

डबे त्याने मागे इतर पिंपांबरोबर ठेवले. बादली मात्र त्याने पुढे नेली, शेजारच्या आसनावर ठेवली, आणि वळणावर कलंडू नये म्हणून एक हात तिच्यावर ठेवूनच गाडी फाटकाबाहेर काढली.