अंकुरनाथाची उगवती बोटं

सालवडच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. अंकुरनाथ महाराजांनी मिथुन नावाच्या कामगाराचा हात उंच धरला आणि गर्दीने हात जोडले. काही महिन्यांपूर्वी कारखान्यात प्रेस मशीनखाली मिथुनच्या बोटाचं टोक गेलं होतं. आता तिथे गुलाबी मांस भरलं होतं, वर कोवळं नखही आलं होतं.

"पालीची शेपटी तुटली तर येते की नाही?" महाराज गरजले.

"येते!"

"मग माणूस काय पालीपेक्षा हलका?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. टाळ्या पिटणाऱ्यांत माझेच किती विद्यार्थी होते! डोकं फिरायची वेळ आली.

महाराजांची रीत सोपी होती. तुटलेल्या बोटावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधायचं, त्यावर लाल फडकं, फडक्यावर भस्म, आणि अंकुर फुटेपर्यंत उघडून बघायचं नाही. जखमी कामगार आणून सोडायला कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराची रिक्षा होती. दवाखान्यात नेलं की अपघाताची चौकशी होते. महाराज कसली चौकशी करत नसत, म्हणून ठेकेदाराची त्यांच्यावर गाढ भक्ती.

कोपऱ्यात दीपिका दिसली. मासवणची पोर, माझी जुनी विद्यार्थिनी, त्याच कारखान्यात प्रेसवर कामाला. उजव्या हाताचं मधलं बोट लाल फडक्यात होतं. घामाच्या धारा लागाव्यात अशा उकाड्यात ती शाल पांघरून कुडकुडत होती. जवळ गेलो तर सडका वास आला.

"जमुनाबाई, हिला ताप आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," मी तिच्या आईला म्हणालो.

"सर, वास तं मिथुनच्या बोटालाबी येत होता. तवाच तं आमाला धीर आला. मांस येताना वास येतो, महाराज बोलले."

मिथुननेही मान हलवली. त्याच्या बोटाला वास खरंच येत होता. मी खोटं पकडायला गेलो आणि हाती लागली खरी गोष्ट. तेव्हा मात्र मला भीती वाटली. सडणाऱ्या बोटाच्या वासाला ही सगळी माणसं शुभशकुन समजत होती.

पालघरला डॉक्टर असलेल्या हेमांगीताईंना मी फोन केला. त्या तडक शेडमध्येच आल्या.

"मिथुनचं बोट भरून आलं, हे खरं आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. महाराज प्रसन्न हसले. "पण त्यात महाराजांचं काही नाही. नखाचं मूळ शाबूत असलं आणि जखम झाकलेली आणि ओलसर राहिली, तर बोटाचं टोक पुष्कळदा आपोआप भरतं. आम्हीही अशीच पारदर्शक पट्टी लावतो. तिच्याखाली वास येतो, भरणाऱ्या बोटाला आणि सडणाऱ्याही. नखाच्या मुळाशी असलेल्या पेशी हे कसं घडवतात, ते शास्त्रज्ञ शोधताहेत. उद्या कदाचित अख्खं बोटही वाढवता येईल, आज येत नाही. महाराज, नखाचं मूळ गेल्यावर पुन्हा उगवलेलं एक तरी बोट दाखवा."

"जिथे श्रद्धा कमी, तिथे अंकुर नाही!"

"मलाबी हेच बोलले," मागून एकजण उठला. डोंगरपाड्यावरचा भिका. त्याचं एक बोट अर्धंच होतं. "उपास केले, नारळ दिले. मंग बोलले, तुझ्यात खोट हाय, घरी जा. आमच्या पाड्यावर आनखी हायेत माझ्यासारके."

एवढीच होती सिद्धी! आपोआप भरलेली बोटं मंचावर मिरवायची आणि सडलेली गुपचूप डोंगरात धाडायची. भस्म दोन्हींना सारखंच.

ताईंनी दीपिकाचं फडकं सोडलं. बोट नखाच्या मुळाच्या खाली तुटलेलं, हाड उघडं, कडा काळ्या. लाली तळव्यातून मनगटाकडे चढली होती.

"तुटलेल्या तुकड्याचं काय केलंत?" ताईंनी विचारलं.

"केळव्याला दर्यात सोडला," जमुनाबाई म्हणाल्या. "जुनं गेल्याबिगर नवं येत नाय, महाराज बोलले."

"त्याच दिवशी घेऊन आला असतात, तर जोडायचा प्रयत्न तरी करता आला असता."

"मी सोडला गं, माज्याच हातानं," एवढंच जमुनाबाई लेकीला म्हणत राहिल्या.

ताईंनी दीपिकाला तसंच पालघरच्या दवाखान्यात नेलं. हात वाचला. बोट मुळापासून काढावं लागलं.

महाराजांनी शेडला कुलूप लावलं, पण थोड्याच दिवसांत मनोरच्या बाजूला नवी शेड उभी राहिली. ठेकेदाराची रिक्षा आता तिकडे वळते. चमत्कार बघायला जाणाऱ्यांनो, डोळ्यांसमोर धरलेलं एक बोट जरूर बघा, पण न उगवलेली बोटं कुठे गेली तेही विचारा. विचारल्याने कुठलाच देव कोपत नाही.

परवा त्या नव्या शेडच्या वाटेवर दीपिका उभी होती. रक्ताळलेलं फडकं हाताला गुंडाळलेला एक कामगार रिक्षात होता. तिने रिक्षा अडवली आणि आपला हात त्याच्यापुढे धरला.

"दादा, तुकडा हाय ना? टाकू नको. सोच्छ ओल्या फडक्यात गुंडाळ, पिशवीत घाल, पिशवी बर्फावर ठेव," ती म्हणाली. "आन् उतर. दवाखाना त्या बाजूला हाय."

तो उतरला.