वीतभर लाकूड

मी एक झाड बोलतोय. उभं नव्हे, आडवं पाडलेलं. गोड बोलणं मला जमत नाही. ऐकायचं तर ऐका.

या खिंडीच्या तोंडाशी मी ऐंशी पावसाळे उभा होतो. येणारेजाणारे माझ्या सावलीत शिदोरी सोडत, पाठ टेकत आणि जाताना माझ्याच खोडावर चाकूनं नावं कोरत. माणसाची जात! तरी मी कधी कोणाची वाट अडवली नाही.

मग लढाई आली. शत्रू खिंडीतून येणार म्हणून पथकाच्या नायकानं हुकूम सोडला, झाडं पाडा, रस्ता बंद करा. गावचा लाकूडतोड्या आला. हात कसबी. माझा शेंडा शत्रूकडं पडेल असे घाव त्यानं घातले आणि बुंध्याशी वीतभर लाकूड मुद्दाम राखलं. तेवढ्यानं झाड मुळांना धरून राहतं, बैल जुंपले तरी ओढता येत नाही. मग त्यानं माझी पानं उतरवली आणि फांदी न् फांदी तासून भाल्यासारखी केली. आणखी तीस झाडं पाडून फांद्यांत फांद्या गुंतवल्या. मांजर शिरायचं नाही असा अडसर.

फक्त डाव्या कड्यालगत एक माणूस जाईल एवढी फट ठेवली. लाकूडतोड्याचा धाकटा भाऊ टेहळणीला पलीकडं निघाला होता.

"दादा, फट माझ्या मापाची ठेव," तो जाताना म्हणाला. "तुझ्या पोटाच्या मापाची केलीस तर शत्रूची गाडी येईल आत!"

"नीघ, तोंडाळ मेला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडं धूळ उठली. नायकाची गाळण उडाली.

"फट बुजवा!"

"माझा भाऊ बाहेर आहे," लाकूडतोड्या म्हणाला.

"आला की उघडू."

"उघडू? ही काय दाराची कडी आहे? पाडायला घटका लागते, काढायला अर्धा दिवस."

"तुला अक्कल विचारली का? चालव कुऱ्हाड."

त्यानं चालवली. हे मी विसरत नाही. कळत होतं, तरी चालवली. कड्याजवळचं कोवळं झाड फटीत आडवं झालं.

धूळ शत्रूची नव्हतीच. बुजलेल्या मेंढ्यांची होती. शत्रू सकाळीच दुसऱ्या घाटानं वळला होता आणि तेच सांगायला धाकटा जिवाच्या आकांतानं पळत येत होता. नायकाच्या माणसांना धुळीत कोणीतरी हललेलं दिसलं. सोडले बाण.

धाकटा कड्याकडं धावला. "दादा! फट कुठंय रे?"

फट नव्हती. बाण चुकवायला तो माझ्याच फांद्यांत घुसला. पाय घसरला. दादानं तासलेलं टोक बरगडीत गेलं.

"आलो रे! थांब, आलो!" दादा आतून घाव घालत सुटला. पण फांद्या अशा गुंतवलेल्या, की गुंतवणाऱ्यालाच उलगडेनात. तो पोचला तेव्हा भाऊ गार पडला होता.

नायकाला मानाचं कडं मिळालं. आता लोक येतात, मला दाखवून पोरांना सांगतात, "या झाडानं गाव वाचवलं." खोटं! साफ खोटं! शत्रू इकडं फिरकलाच नाही. मी एकालाच अडवलं, तोही घरचा.

आणि मी मेलोही नाही. त्या वीतभर लाकडातून मुळं अजून पाणी पाठवतात. तासलेल्या टोकांखाली पालवी फुटते. लाज वाटते मला तिची.

लाकूडतोड्या येतो. कुऱ्हाड मांडीवर घेऊन बुंध्याशी बसतो. मग उठतो, जातो. हात उचलत नाही.

बाबा रे, त्या भित्र्याच्या हुकमानं उचललीस, आता माझ्या शब्दाखातर उचल. आधी कड्यालगतची फट मोकळी कर, धाकट्याच्या मापाची. मग ही टोकं छाट. आणि शेवटी ते वीतभर तोड.

भाऊ राखला नाहीस. लाकूड कशाला राखतोस?