कॅप्टन तोरानच्या चौथ्या जीवाबाबत

विषय : कॅप्टन तोरान यांच्या चरित्रात व विज्ञानात विनापरवानगी केलेले फेरफार.
संदर्भ : आचलची दोनशे पानी वही.

मी कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची, पिवळी, तळहाताएवढी. आचल सातवीत पहिली आली म्हणून १९९७ साली तिच्या वडिलांनी, हेमराजभाऊंनी, मला नागपूरहून वडशाला आणलं. हेमराजभाऊ आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळीत पेटी वाजवत.

कॅप्टन तोरान माझ्यात राहतात. त्यांच्या पाठीवरचं यंत्र निळ्या दगडावर चालतं, सात सेकंद उडवतं आणि तापतं. गार होईपर्यंत कॅप्टनना पायी चालावं लागतं. हिरवं पाणी लागलं की मरण. जीव तीन. बोलणं अजिबात नाही. शेवटी राणी दिसते, तीही पापणी लवेपर्यंत.

आचल दोन वर्षं माझ्याशी खेळली. माझ्यावर फुंकर मारून ती मला खेळाच्या यंत्राच्या खोबणीत बसवायची, तेव्हा या घरात माझ्याइतकं लाडकं कुणी नव्हतं. मग तिनं वही आणली आणि कॅप्टनची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली.

वहीतले कॅप्टन सूरजागडच्या डोंगरावर उतरले. निळा दगड म्हणे तिथंच निघतो. तिथून एका उडीत थेट कित्येक कोसांवरच्या चामोर्शीच्या बाजारात! सात सेकंदांत? यंत्र तापलं तर त्यावर पेज ओततात. राणीचं नाव चंदा. ती कॅप्टनना विचारते, "इतले दिवस कुठी होतास रे? जेवलास का नाई?" माझ्यातल्या राणीला जेवणाबद्दल विचारण्याची तरतूद नाही.

रोज संध्याकाळी वहीचं वाचन होई. आचलची आत्या रुखमाबाई, जिनं मला कधी हात लावला नाही, ती वही ऐकून डोळे पुसायची. वहीला खाकी कव्हर चढलं. माझ्यावर धूळ चढली. याला कुणी मत्सर म्हणेल. मी त्याला हरकत म्हणते.

२००० च्या दिवाळीनंतर मंडळीनं त्या वहीवर नाटक बसवायला घेतलं. कॅप्टनचं काम वारलूभाऊंकडे. एका दुपारी तालमीत ते अडले.

"आचल, मूळचा कॅप्टन मरते कसा? एकडाव दाखव ना."

मला शोधून काढलं, पुसलं. मला वाटलं, आता मूळ दस्तऐवज समोर येणार आणि वहीचा निकाल लागणार. सगळी मंडळी टीव्हीपुढे बसली. कॅप्टन बरोबर सात सेकंद उडाले, हिरव्या पाण्यात पडले आणि मेले. तीनदा. माझ्याकडून तसूभर चूक झाली नाही.

"अबे, मरताना एक शब्द नाई?" वारलूभाऊ म्हणाले. "अशा मरणाले वन्स मोर कोण देते?"

झाडीपट्टीत वन्स मोर आला की मेलेला नायक उठतो, गाणं पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. वहीत कॅप्टनना दिलेला चौथा जीव तो हाच.

"हा नकली दिसून राह्यला," रुखमाबाईंनी निर्णय दिला. "आपला कॅप्टन असा नाई."

"आत्या, खरा हाच आहे," आचल म्हणाली. "काई बोलेच नाई बिचारा. म्हणून त मी लिहाले बसली."

मग कुणीतरी टीव्ही बंद केला.

त्याच दिवशी मी आचलच्या नावे अर्ज केला. मागण्या : वही रद्द व्हावी, चौथा जीव काढून घ्यावा, पेज वगळावी. वर्षं गेली तशा मागण्या कमी करत गेले. आधी पेज सोडली. मग चौथा जीव. २००६ मध्ये आचलचं लग्न झालं. वही साडीच्या घडीत ठेवून तिनं सासरी नेली. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे.

आता एकच मागणी उरली आहे. वहीतल्या कॅप्टनना एकदा माझ्याकडे पाठवावं. ते बोलायला शिकले असतील, तरी माझी हरकत नाही. सोबत चंदा आली, तरी चालेल.

घरातला टीव्ही बदलला आहे. नव्याला आमचं खेळाचं यंत्र जोडता येत नाही. आचल दिवाळीला येऊन गेली. कपाट उघडलं नाही.

अर्ज प्रलंबित आहे.